अप्पांच्या कानांची परीक्षा

"मागावर काम करणाऱ्या कामगारांच्या श्रवणक्षमतेवर लक्षणीय दुष्परिणाम आढळला नाही."

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. डबा उघडलेला होता, तोंडात घास होता, आणि तो घास तसाच ठेवून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्या आकड्यांच्या जोरावर ते लिहिलं होतं ते आकडे मीच मांडले होते, आणि त्या आकड्यांत माझे अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. लग्नाच्या आधीच ते अक्कलकोटकडचं गाव सोडून सोलापुरात आले आणि पॉवरलूमच्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर उभे राहिले. उभेच राहिले. तरुणपण गेलं, केस पिकले, तरी त्या खडखडाटातून काही बाहेर आले नाहीत. चालू मागांचा कारखाना ज्याने आतून पाहिलेला नाही त्याला तो आवाज सांगून कळायचा नाही. तिथे माणूस जीव खाऊन ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथे कुणी ओरडतच नाही. सगळे नुसते ओठ हलवतात आणि हातांनी खुणा करतात. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. शेजारच्या मागांवर तेलुगू बोलणारे, दखनी बोलणारे, आमच्यासारखे कन्नड-मराठी बोलणारे, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून गप्पा मारतात. अप्पांना तेलुगू चांगलं समजतं, पण फक्त समोरून. रेडिओवरचं तेलुगू त्यांना कधीच कळलं नाही.

तिथे भांडण झालं तर शिवी देऊन उपयोग नसतो. पाठ फिरवायची. पाठ फिरवली की समोरच्याचं तोंडच बंद होतं, आणि त्याच्याहून मोठा अपमान त्या कारखान्यात दुसरा नाही.

ही रीत आमच्या घरातही आली होती. अव्वा, म्हणजे माझी आई, अप्पांशी मागून किंवा लांबून कधीच बोलायची नाही. हातातलं काम टाकून त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहायची आणि मग बोलायची. संध्याकाळी लाइट गेली की बॅटरीचा उजेड स्वतःच्याच तोंडावर मारून "वाढू का?" असं विचारायची. आम्हा भावंडांना वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. मी आजही स्टाफरूममध्ये कुणाशी बोलायचं असेल तर टेबलाला वळसा घालून समोर जाते. सहकाऱ्यांना त्याचं हसू येतं. पण "अप्पांना ऐकू येत नाही" हे वाक्य मात्र आमच्या घरात कुणीही, कधीही उच्चारलं नाही. अप्पांनी तर नाहीच नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते. आमच्याकडे एक मोठं संशोधन आलं, चार शाखांचं एकत्र. गणितातली मी, कानाचे एक डॉक्टर, इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक आणि सांस्कृतिक इतिहासाच्या एक बाई. विषय होता माग आणि माणूस. डॉक्टरांनी कामगारांचे कान तपासायचे. इंजिनिअर सरांनी मागाच्या पायांखाली बसवायच्या रबरी पट्ट्या तयार केल्या होत्या, त्याने आवाज कमी होतो का ते बघायचं. इतिहासाच्या बाईंनी कारखान्यातल्या खुणांचं चित्रीकरण करायचं. आणि मी या सगळ्याचा एकमेकांशी संबंध लावायचा.

मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! एवढी वर्षं मी मुलांना काल्पनिक फासे आणि काल्पनिक चेंडू मोजायला शिकवत होते. आता पहिल्यांदा माझं गणित माझ्या घराच्या उपयोगी पडणार होतं. अप्पांचे कान गेले ते गेले. पण त्यांच्या शेजारच्या मागावर आता जी पंचविशीतली पोरं उभी असतात, त्यांचे तरी वाचतील. अहवालात नुकसान दिसलं की मालकांना पट्ट्या बसवाव्या लागतील. मला एवढंच हवं होतं.

तपासणीच्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती, मी जाऊ शकले नाही. पुढच्या रविवारी सोलापूरजवळ कुंभारीला घरी गेले तर अप्पा दारातच उभे. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं भावाच्या नोकरीचं काही झालं.

"पास झालो की गं!" अप्पा म्हणाले. "एकबी चुकलं न्हाय."

मी समोर जाऊन विचारलं, "कशात पास झालात?"

"कानाच्या परीक्षेत. त्या डॉक्टरणी पोरी लई चांगल्या. आंबा म्हनल्या, आंबा म्हनलो. घोडा म्हनल्या, घोडा म्हनलो. आमच्या खात्यातले समदेच पास झाले. एकबी नापास न्हाय."

त्यांनी त्या दिवसासाठी शर्टाला इस्त्री करून घेतली होती म्हणे. सगळ्यांनीच घेतली होती. परीक्षा आहे म्हटल्यावर कुणालाच नापास व्हायचं नव्हतं. अव्वाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घालून भाकरी थापायला लागली. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या विद्यार्थिनींपैकी एकीला गाठलं. साधी, सरळ मुलगी होती. तिने सगळं सांगितलं. तपासणीच्या यंत्राला शांतता लागते, आणि मालक माग थांबवायला तयार नव्हते. मग शेजारच्या पॅकिंगच्या खोलीत कुजबुज चाचणी घ्यायचं ठरलं. कामगाराला स्टुलावर बसवायचं, त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात शब्द बोलायचा, त्याने तो परत म्हणायचा.

"पण मॅडम, आम्ही मागे गेलो की ते वळायचेच," ती म्हणाली. "परत सरळ बसवलं की परत वळायचे. 'पाठीमागनं काय बोलताय, पुढं या की' म्हणायचे. काहीजण तर रागावलेच. वेळ खूप चालला होता, मग सरांनी सांगितलं, समोर बसून घ्या."

समोर बसून! ज्यांनी अख्खं आयुष्य ओठ वाचण्यात घालवलं, त्यांच्या समोर बसून, तोंड उघडून, आंबा आणि घोडा! ती पोरगी आवाज न काढता नुसते ओठ हलवत बसली असती तरी सगळे पास झाले असते. मला त्या मुलीचा राग आला नाही. तिला सांगितलं तसं तिने केलं. राग आला तो कानाचा डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाचा, ज्याला समोरची माणसं का वळतायत हा प्रश्न एकदाही पडला नाही.

आकडे मी त्या रविवारच्या आधीच मांडून दिले होते; त्याच आठवड्यात अहवालाचे मसुदे आले, त्यात ते वाक्य वाचलं, आणि मी तडक बैठकीत विषय काढला. विद्यापीठाच्या एसी खोलीत आम्ही चौघं, समोर बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या. मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, ही तपासणी बाद करा आणि पुन्हा घ्या.

डॉक्टर शांतपणे हसले. "मॅडम, तुमचे वडील त्यात आहेत म्हणून तुम्ही भावनिक होताय. आकडे तर तुम्हीच मांडलेत. आणि कानाला सवय होते हो."

सवय! हा शब्द ऐकला आणि माझा हात बिस्किटांच्या ताटलीकडे गेला. ती फेकून मारावी असं फार वाटलं. मारली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी इंजिनिअर सरांकडे वळले. ते म्हणाले, "मालकांशी माझं बोलणं झालंय. कान चांगले असतील तर पट्ट्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी तरी काय करणार? माझं डिझाइन झालं, पेपर झाला. वैद्यकीय भाग माझ्या विषयात येत नाही."

मग इतिहासाच्या बाई. बाई गोड बोलायच्या, खादीची साडी, कपाळाला मोठं कुंकू. त्यांचं प्रकरण मी वाचलं होतं, फार सुंदर लिहिलं होतं त्यांनी. आवाजात हरवलेल्या माणसांनी डोळ्यांनी ऐकण्याची एक आगळी संस्कृती कशी घडवली, वगैरे.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही लिहिलंय की ही माणसं ओठ वाचून जगतात. सरांनी लिहिलंय की यांना उत्तम ऐकू येतं. एकाच अहवालात, एकामागून एक प्रकरणात. तुम्ही सरांचं प्रकरण वाचलंत का? सर, तुम्ही बाईंचं वाचलंत का?"

कुणीच वाचलं नव्हतं. एकानेही नाही! चार शाखा एकत्र आल्या म्हणून सगळीकडे आमचं कौतुक चाललेलं, आणि एकत्र आलं होतं काय तर बाइंडिंग. बाई म्हणाल्या, "तुमची तळमळ मी समजू शकते, पण आरोग्य माझ्या विषयात येत नाही." मला कळेना, मग अप्पा कुणाच्या विषयात येतात? यांनी माणसाचे वाटे केले होते. कान एकाने नेले, हात एकीने नेले, उभं राहायची जागा तिसऱ्याने नेली, आणि अख्खा माणूस कुणालाच नको होता.

मी म्हटलं, मी सही करणार नाही. त्यांनी सांगितलं, मग तुमच्या सहीशिवाय जाईल.

अहवाल जाहीर करायचा कार्यक्रम ठरला. बाईंची हौस अशी की व्यासपीठावर एक खराखुरा कामगार हवा, त्याने खुणा करून दाखवायच्या आणि त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. त्यांनी कारखान्यात विचारलं आणि कारखान्याने अप्पांना पाठवलं. अप्पांनी मला फोन केला नाही, कारण ते फोनवर बोलतच नाहीत. त्यांचा निरोप अव्वाने दिला, "त्यानला स्टेजवर बोलावलंय, तू तितं हायस म्हनून लई खूश हायत."

मी काय सांगणार होते? येऊ नका म्हणून? ते आले. पांढराशुभ्र शर्ट, दाढी केलेली. सभागृह भरलेलं. अप्पांनी चहाची खूण केली, मालकाची केली, मालक गेल्यावर करायची एक जरा वाह्यात खूणही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी कुणी मोबाइलवर टिपून घेतलं. अप्पांना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टर व्यासपीठावर आले. अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे तोंड करून विचारलं, "काका, ऐकू येतं ना सगळं?"

"व्हय की. समदं येतंय," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी सभागृहाकडे बघितलं. खरं तर माझ्याकडेच बघितलं. "काही लोकांना शंका होती," ते म्हणाले. "बघा."

मी उठले. म्हटलं, "सर, हातातली फाइल तोंडापुढे धरा, आणि काकांना काहीही विचारा."

त्यांना नाही म्हणता आलं नाही, सगळे बघत होते. त्यांनी फाइल तोंडापुढे धरली आणि मोठ्याने, आम्हा सगळ्यांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येईल असं विचारलं, "काका, तुमचं गाव कोणतं?"

अप्पांनी फाइलकडे बघितलं. फाइलच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांकडे बघितलं. मग हसले. आणि पाहुण्यांना जे सांगायचं असतं ते त्यांनी सांगितलं.

"दोन पोरी, एक पोरगा."

सभागृहात हशा पिकला. डॉक्टरांनी फाइल तशीच ठेवून पुन्हा विचारलं. "चहा झाला की मगाशीच," अप्पा म्हणाले. लोक आणखी हसले. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला आणि हसणं थांबलं. बाईंनी कुंकवापर्यंत हात नेऊन डोळे झाकून घेतले. आता यांना दिसलं! पण अप्पांना तेवढं हसणंच दिसलं होतं. एवढी तोंडं उघडी, आणि एकाही तोंडावर वाचता येण्यासारखा शब्द नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे. मी काहीच बोलले नाही. शाल काखेत मारून ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि माझ्याकडे पाठ फिरवून निघून गेले.

ते वाक्य अहवालातून काढलं गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "मॅडम, हे आधी सांगायला हवं होतं." मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठरलं असं, की हॉस्पिटलमधल्या आवाज न शिरणाऱ्या बंद खोलीत, कानाला यंत्र लावून, सगळ्यांची नव्याने तपासणी करायची. आणि ठरलेल्या दिवसापर्यंत कामगार आले नाहीत, तर "माहिती अपुरी" असं लिहून तो भाग गाळायचा. म्हणजे पट्ट्याही गाळल्याच.

आणि कामगार येईनात. का येतील? अप्पांना हसले तसं आम्हालाही हसणार, असं म्हणाले. अप्पांच्या शेजारच्या मागावरचा एक जुना सोबती मला स्पष्टच म्हणाला, "तुझे वडील आले तर आमी येतो, बाई. न्हाय तर न्हाय."

तपासणीच्या आदल्या दिवशी मी दुपारीच कुंभारीला गेले. अप्पा घरापुढच्या खाटेवर बसले होते. मी समोर गेले, त्यांनी पाठ फिरवली. मी वळसा घालून त्या बाजूला गेले, ते या बाजूला वळले. शेजारच्या बाया बघत होत्या. माझा संताप अनावर झाला. मी त्यांच्या पाठीशीच उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. तुम्हाला लाज तुमच्या कानांची वाटते, त्या मालकाची का वाटत नाही? लहानपणी मी तापाने फणफणले होते, शेजारच्याच अंथरुणात होते, किती हाका मारल्या तुम्हाला! तुम्ही पास झालात आणि ती मागावरची पोरं नापास होणार आहेत, कळतंय का? कधी तरी म्हणा की ऐकू येत नाही! एकदा तरी म्हणा!

अव्वा दारात आली. "बस कर," ती म्हणाली. "त्यानला ऐकू येत न्हाय. मला येतंय."

मी खाटेच्या कडेला बसले. रडू आलं, तेही रागाचंच. खाट हलत होती, त्यावरून कदाचित अप्पांना कळलं असेल. ते हळूच वळले. त्यांनी माझा चेहरा बघितला.

"लोक का हसले ते मला अजून कळलं न्हाय बग," ते म्हणाले. "काय इचारलं हुतं त्यानं?"

"गाव विचारलं होतं," मी म्हटलं. "तुमचं गाव."

अप्पांनी मान हलवली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, स्टुलावर बसवलेला माणूस बसतो तसे ताठ बसले, आणि त्यांनी डोळे मिटले. जागेपणी, आमच्यापैकी कुणी समोर असताना, अप्पांनी डोळे मिटलेले मी त्याआधी कधीही पाहिले नव्हते.

"आता बोल," ते म्हणाले. "बगू काय येतंय."

"अप्पा," मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर याल?"

ते तसेच बसले होते. मी आवाज चढवला. "अप्पा! उद्या याल का?" समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. मग अव्वाने दारातूनच त्यांना "री" अशी, आमच्या कन्नडात बायको नवऱ्याला मारते ती हाक मारली. कित्येक वर्षांत तिने त्यांना अशी लांबून हाक मारली नव्हती. तिचा आवाज फाटला.

अप्पा डोळे मिटून, मान किंचित पुढे करून, वाट बघत होते.

"बोल की गं," ते म्हणाले. "मी तयार हाय."